मक्याचे पेले

मैदानाच्या पूर्वेकडच्या भिंतीला लागून पत्र्याची एक लांबलचक शेड आहे. सामना बघायला येणाऱ्या साठ हजार माणसांपैकी एकानेही ती कधी पाहिलेली नाही, आणि कुणाच्या नजरेला पडू नये म्हणूनच ती तिथे बांधलेली आहे. सामना संपतो, जिंकलेले नाचतात, हरलेले पंचांचा उद्धार करतात, सगळे आपापल्या घरी जातात. त्यांनी उष्टं टाकलेलं, सांडलेलं, तुडवलेलं सगळं दुसऱ्या दिवशी सकाळी पोत्यांत भरून या शेडमध्ये येतं. तिथे बावीस बायका ते निवडतात, आणि त्या बावीस जणींची मुकादम म्हणजे आपली कानवाली.

तिचे कान काही मोठे नाहीत. त्यांच्यावरचा विश्वास मात्र भारी. आठ वर्षांची असल्यापासून ती आईबरोबर रद्दीच्या गोदामात बसायची, आणि आईने तिला शिकवलं होतं की डोळा फसतो, रंग फसवतो, कान फसवत नाही. वस्तू मुठीत धरायची आणि दाबायची. कडकड वाजली तर प्लॅस्टिक, मुकी राहिली तर कागद. प्लॅस्टिकमध्येही पुन्हा पाण्याच्या बाटलीचा आवाज वेगळा, दह्याच्या डब्याचा वेगळा, पुड्याच्या वेष्टनाचा वेगळा. एकतीस वर्षं या शेडमध्ये काढल्यावर ती पाठमोरी उभी राहूनही सांगायची, "अगं, ते झाकण आहे, पेल्यात कुठे टाकतेस?" नव्या बायका आधी घाबरायच्या, मग शिकायच्या. चष्मा लागला होता, पण तो पिशवीतच असायचा. काम कानाने होतंय तर नाकावर ओझं कशाला, असं तिचं म्हणणं.

त्या वर्षी मैदानावर मोठी स्पर्धा ठरली. तीन आठवड्यांत पाच सामने. जिकडेतिकडे हिरवे फलक लागले. ही स्पर्धा म्हणे पृथ्वीला धक्का न लावता होणार होती. माणसं विमानांनी येणार, चाळीस हजार गाड्या वाहनतळावर उभ्या राहणार, दिवसाउजेडी दिव्यांचे खांब पेटणार, आणि पृथ्वीला म्हणे पत्ताच लागणार नाही. पण फलकांवरच्या सगळ्या बाता सोडून दिल्या तरी एक गोष्ट खरी होती आणि ती कानवालीच्या घराशी येऊन भिडत होती.

ती राहायची त्या वसाहतीच्या मागे कचराडेपो होता. सगळ्या शहराचा कचरा वर्षानुवर्षं तिथे पडलेला. अधूनमधून तो आतल्या आत पेटायचा आणि आठ-आठ दिवस धुमसत राहायचा. तिचा नवरा बसचा ड्रायव्हर होता, आता निवृत्त. बत्तीस वर्षं धुरात गाडी चालवून न झालेला खोकला त्याला घरी बसून झाला. डॉक्टरांनी सांगितलं होतं, जागा बदला. डॉक्टरांचं काय जातं सांगायला?

आता नगरपालिकेने डेपो बंद करायचं ठरवलं होतं. जुन्या खड्ड्यात फक्त चार ट्रक मावतील एवढी जागा उरली होती. स्पर्धेचा ओला कचरा शहराबाहेरच्या खतप्रकल्पात गेला तर डेपोला कायमचं कुलूप. पण प्रकल्पाने ट्रक नाकारले आणि चारापेक्षा जास्त परत आले, तर वसाहतीच्या भिंतीला लागून नवा खड्डा खणायचा, आणि एकदा खणलेला खड्डा मग पुढची पंधरा वर्षं भरत राहणार. नगरपालिकेकडून आलेल्या तरुण इंजिनियरबाईने शेडमध्ये उभं राहून हे सगळं समजावून सांगितलं.

"मावशी, आणखी एक," ती म्हणाली होती. "थंड पेयाचे पारदर्शक पेले या वेळी मक्यापासून केलेले आहेत. ते ओल्यात टाकायचे. त्यांचं खत होतं."

कानवालीने मान डोलावली. पहिल्या सामन्याच्या दुसऱ्या दिवशी तिने त्यातला एक पेला उचलला आणि मुठीत दाबला. कडकड. पुन्हा दाबला. पुन्हा कडकड, अगदी खणखणीत. इंजिनियरबाईचं बोलणं तिने मनातल्या मनात निकालात काढलं. चांगली पोरगी आहे, पण पुस्तकातून शिकलेली. मका कधी असा वाजतो का? तिने बायकांना सांगितलं, "वाजेल ते प्लॅस्टिकमध्ये, मुकं राहील ते कागद, ओल्यात. नेहमीसारखंच."

तिची धाकटी जाऊही त्याच शेडमध्ये कामाला होती, आणि तिच्या जिभेला हाड नव्हतं. ती म्हणाली, "जाऊबाई, त्या मॅडम तर वेगळं सांगून गेल्या."

"मॅडमने किती पोती निवडलीत आजवर?" कानवालीने विचारलं, आणि विषय तिथेच संपला.

दोन ट्रक भरून गेले. संध्याकाळच्या आत दोन्ही परत आले आणि सरळ डेपोत ओतले गेले. सोबतच्या चिठ्ठीवर नाकारण्याचं कारण एका शब्दात होतं, प्लॅस्टिक. कानवालीला तो शब्द थोबाडीत मारल्यासारखा लागला. आपल्या हातून गेलेल्या मालात प्लॅस्टिक? तिने जाहीर केलं की तिथला तपासनीस विनाकारण कटकट करणारा आहे. दुसऱ्या सामन्यानंतर तिने प्रत्येक पेला दोन-दोनदा दाबायला लावला. वाजणारं एकही वेष्टन, एकही पेला ओल्यात जाऊ दिला नाही. तरीही दोनपैकी एक ट्रक परत आला.

जुन्या खड्ड्यात आता एकाच ट्रकाची जागा उरली, आणि सामने उरले होते तीन.

त्या तीन ट्रकांनी वसाहतीचं जे केलं ते सांगायची सोय नाही. साठ हजारांनी उष्टं टाकलेलं अन्न उन्हात आंबलं. माश्यांनी कपड्यांच्या दोऱ्या काळ्या केल्या. नवरा नाकाला रुमाल बांधून पलंगावर बसलेला असायचा आणि खोकल्याची उबळ गेली की शिव्या सुरू करायचा. बस ड्रायव्हरच्या शिव्या त्या, त्यांत बत्तीस वर्षांची कमाई होती.

"कोण तो मुकादम आहे तिकडे, त्याला एकदा इथे आणून बसव," तो म्हणायचा. त्याला वाटत होतं की ही घाण प्रकल्पावरच्या कुणा मुकादमाने परत पाठवली. "आंधळा आहे की बहिरा?"

कानवाली त्याच्या पुढ्यात चहा ठेवायची आणि ऐकून घ्यायची.  दुसऱ्या सामन्याचे दोन्ही ट्रक तिच्याच हाताखालून गेलेले, मग एक पास आणि एक नापास का? रात्रभर नव्हे, पण स्वयंपाक करताना, भांडी घासताना, चालताना हाच हिशेब डोक्यात. तिसऱ्या दिवशी ती सरळ रिकाम्या ट्रकमध्ये ड्रायव्हरशेजारी चढून बसली आणि प्रकल्पावर गेली.

तिथला तपासनीस म्हणजे एक बारीक, पांढऱ्या मिशांचा माणूस. हातात सदा जाळीची मोठी चाळणी, म्हणून सगळे त्यांना चाळणीवाले म्हणायचे. ती भांडायच्या तयारीनेच गेली होती. पण त्यांनी तिला बसायला स्टूल दिलं, आणि बसायला स्टूल देणाऱ्या माणसाशी भांडणं अवघड असतं.

"दादा, माझ्या ट्रकात प्लॅस्टिक कुठे सापडलं, ते दाखवा," ती म्हणाली.

त्यांनी कोपऱ्यातल्या बादलीत हात घातला. बादलीत चहाचे कागदी पेले भिजत पडले होते. एक पेला काढून त्यांनी अंगठ्याने चोळला. कागदाचा लगदा गळून पडला आणि बोटांवर पेल्याच्याच आकाराचा पातळ पापुद्रा राहिला, दुधावरून उचललेल्या सायीसारखा.

"हे अस्तर," ते म्हणाले. "प्लॅस्टिकचं. चहा झिरपू नये म्हणून आतून लावतात. हे खतात वर्षानुवर्षं तसंच राहतं. मग शेतात जातं."

कानवालीने दुसरा कोरडा पेला घेतला आणि कानाजवळ नेऊन दाबला. मुका. पुन्हा दाबला. मुकाच. लाखभर तरी असे पेले तिने आयुष्यात कागद समजून टाकले असतील.

"आणि बाई, मला एक सांगा," चाळणीवाले म्हणाले. "मक्याचे हजारो पेले येणार असं मला लेखी कळवलंय. अजून एकही आला नाही. ते कुठे ठेवता?"

तिने हातातला कागदी पेला खाली ठेवला. त्यांनी फळीवरून नमुन्याचा पारदर्शक पेला काढला, थर्मासमधला कढत चहा त्यात ओतला आणि तिच्यासमोर धरला. दहा-बारा आकडे मोजून होईपर्यंत पेल्याने अंग टाकलं. आधी एका बाजूने खचला, मग चहासकट त्यांच्या बशीत बसला.

"थंडासाठीच चालतो हा. मका तो मकाच," ते म्हणाले.

कानवालीच्या कानात काहीतरी बंद पडल्यासारखं झालं. म्हणजे जे खत होणार होतं ते तिने प्लॅस्टिकमध्ये टाकलं, आणि जे प्लॅस्टिक होतं ते निवडून निवडून, दोनदा दाबून, ओल्यात घातलं. शेडमधल्या कुणाही नवख्या बाईने डोळे मिटून निवडलं असतं तरी निम्मं बरोबर आलं असतं. सगळंच्या सगळं उलटं करायला एकतीस वर्षांचा अनुभव लागला.

"मला सांगितलं होतं," ती म्हणाली. हे वाक्य उच्चारायला तिला किती जड गेलं ते तिलाच ठाऊक. "त्या पोरीने सांगितलं होतं. मी ऐकलं नाही."

चाळणीवाल्यांनी बशीतला चहा ओतून टाकला आणि तिला दुसरा दिला, काचेच्या ग्लासात. मग तिने कामाचं विचारलं. पास झालेल्या ट्रकात काय वेगळं होतं? त्यांनी वही काढली. त्या ट्रकातली पोती उत्तरेकडच्या स्टँडची होती. आणि उत्तरेकडे चहाचा स्टॉलच नाही, हे कानवालीला माहीत होतं. चहाचे स्टॉल फक्त पूर्वेला आणि पश्चिमेला. तिच्या डोक्यात एकदम उजेड पडला. पेला हातात आल्यावर तो ओळखायचा कशाला? तो आला कुठून, हे माहीत असलं की झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने इंजिनियरबाईला शेडमध्ये बोलावलं आणि बावीस जणींच्या देखत सगळं सांगितलं. एकटीला गाठून सांगता आलं असतं, पण चूक सगळ्यांच्या हातून करवून घेतली होती. जाऊ तोंड उघडणार तोच कानवाली म्हणाली, "तू बोल, आज तुझा हक्क आहे." हक्क मिळाल्यावर जावेला काही सुचेना.

इंजिनियरबाईने पोत्यातून एक पारदर्शक पेला काढून हातात घेतला. मग म्हणाली, "मावशी, चूक माझीही आहे. मी नमुना तुमच्या हातात द्यायला हवा होता. नुसतं तोंडाने सांगून गेले."

तेवढ्यावर दोघींनी तो विषय मिटवला. चहाच्या ठेकेदाराला पेले बदलायला सांगून पाहिलं. त्याच्याकडे जुना साठा गोदामभर पडला होता आणि तो संपेपर्यंत पृथ्वीने दम धरावा असं त्याचं मत पडलं. मग कानवालीने आपल्या चार बायका सामन्याच्या वेळीच चहाच्या स्टॉलपाशी उभ्या केल्या. चहाचा प्रत्येक पेला वेगळ्या पोत्यात, पोत्याला लाल सुतळी. लाल सुतळीचं पोतं ओल्याच्या आसपास फिरकायचं नाही. पारदर्शक पेले मात्र कितीही वाजोत, ओल्यात. वाजणारा पेला ओल्याच्या ढिगात टाकताना म्हाताऱ्या बायकांचे हात अडखळायचे. कानवालीचा तर प्रत्येक वेळी अडखळायचा.

तिसऱ्या सामन्याचे दोन्ही ट्रक पास झाले. चौथ्याचेही दोन्ही. इंजिनियरबाईचा फोन आला की कानवाली पदर कमरेला खोचून ऐकायची आणि "बरं" एवढंच म्हणायची. अंतिम सामना बाकी असताना हसायचं नाही, असं तिने ठरवलं होतं.

अंतिम सामन्याला मैदान फुटायची वेळ आली. दुसऱ्या दिवशी तीन ट्रक भरायचे होते. पहिला सकाळी नऊला गेला आणि पास झाला. दुसरा साडेअकराला गेला आणि एक वाजता इंजिनियरबाईचा आवाज फोनवर आला, तोही बारीक झालेला.

"परत येतोय, मावशी. कागदी पेले सापडलेत. सोनेरी कडेचे."

सोनेरी कडेचे पेले मैदानावर कुठेच विकत नव्हते. मग कळलं, खास पाहुण्यांच्या कक्षात चहा पेल्याशिवाय कसा द्यायचा, आणि साध्या पेल्यात तरी कसा द्यायचा, म्हणून आयोजकांनी ते खास अंतिम सामन्यासाठी बाहेरून मागवले होते. ज्यांनी पृथ्वी वाचवण्यावर भाषणं केली, त्यांनीच त्यांतून चहा घेतला होता. त्या कक्षाकडे कुणाला उभं करावं हे कानवालीला सुचलंच नव्हतं. मोठी माणसं कचरा करत नाहीत, असा तिचाही समज असावा.

परत आलेला ट्रक डेपोत रिकामा झाला. जुन्या खड्ड्यातली शेवटची जागा भरली. तिसरा ट्रक शेडच्या दारात उभा होता, गळ्यापर्यंत भरलेला. त्यातही पाहुण्यांच्या कक्षाची पोती होती, आणि प्रकल्पाचं फाटक पाच वाजता बंद व्हायचं. तो माल आंबायला लागला होता, दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवला तर आपसूक डेपोत जाणार होता.

"पालथा कर," कानवालीने ड्रायव्हरला सांगितलं.

"अहो मावशी, भरायला तीन तास लागलेत."

"कर म्हणते ना."

शेडच्या फरशीवर सगळा ढीग ओतला गेला. तिने पिशवीतून चष्मा काढून नाकावर चढवला. जावेने ते पाहिलं, आणि देवाची कृपा, काही बोलली नाही. बावीस बायका आणि तेविसावी इंजिनियरबाई, पायघोळ झगा वर खोचून, उष्ट्यात बसल्या. कुणी गप्पा मारल्या नाहीत. सोनेरी कड दिसली की पेला मागे भिरकवायचा, एवढंच. लिंबाच्या साली, पोळलेली बोटं, माश्या, घाम. शेवटी भिंतीशी साचलेले पेले मोजले ते दोनशे चौदा भरले. मग पुन्हा फावडी, पुन्हा टोपल्या. ट्रक सुटला तेव्हा चार वाजून दहा मिनिटं झाली होती, आणि कानवाली ड्रायव्हरशेजारी होती.

चाळणीवाल्यांनी तिच्याकडे पाहिलं, ओळख दाखवली नाही. कामाच्या वेळी ते कुणालाच ओळखत नसत. ढिगाच्या पोटातून, तळातून आणि कडेने असे तीन नमुने काढले. पहिला चाळला, काही नाही. दुसऱ्यात एक बाटलीचं झाकण निघालं. ते त्यांनी बाजूला ठेवलं आणि एवढं चालतं असं म्हणाले. तिसरा चाळताना त्यांना इतका वेळ लागला की कानवालीने डोळे मिटून घेतले. चाळणीचा खसखस आवाज तेवढा येत होता, आणि त्या आवाजावरून तिला काहीच कळत नव्हतं.

"घ्या आत," चाळणीवाले म्हणाले.

कानवालीचा जीव भांड्यात पडला. ती तिथेच, खताच्या उबदार ढिगाच्या कडेला, खाली बसली. ट्रक आत गेला, फाटक लागलं. मागून स्कूटरवर आलेल्या इंजिनियरबाईने नगरपालिकेत फोन लावला, दोनदा "नक्की ना?" असं विचारलं आणि मग तिच्या शेजारीच फतकल मारली.

"नवा खड्डा रद्द," ती म्हणाली. "परवा कुलूप लागतंय डेपोला."

आता कुणी म्हणेल, चाळीस हजार गाड्यांचा धूर या एका ट्रकाने धुऊन निघतो का? नाही निघत. हे कानवालीलाही कळत होतं. पण तिच्या भिंतीमागे पंधरा वर्षं भरणारा खड्डा आता खणला जाणार नव्हता, आणि हे फलकावर छापलेलं नव्हतं, घडलेलं होतं.

ती घरी पोचली तेव्हा ऊन उतरलं होतं. नवरा रुमाल बांधून दारात खुर्ची टाकून बसला होता. तिने चप्पल काढायच्या आधीच सांगितलं, "खड्डा खणत नाहीत. परवा डेपो बंद होतोय, कायमचा."

त्याने रुमाल गळ्यात ओढला. छातीवरून एकदा हात फिरवला. मग म्हणाला, "एका मुकादमाला तरी अक्कल आली म्हणायची."

आता बोललं नाही तर कधीच बोलता येणार नाही, हे तिला कळलं. खड्ड्याची भीती गेली होती, ही एक उरली होती. "ते पहिले ट्रक प्रकल्पाच्या मुकादमाने नाही पाठवले," ती म्हणाली. "माझ्यामुळे आले. मला सांगितलेलं मी ऐकलं नाही, कानाने निवडत बसले. सगळं उलटं निवडलं. तुम्ही इतके दिवस खोकलात ते माझ्यामुळे."

त्याने तिच्याकडे पाहिलं. ती उभीच होती, हाताला अजून आंबूस वास येत होता.

"म्हणजे मी इतके दिवस तुलाच शिव्या घालत होतो?"

"हो."

"आणि तू समोर बसून ऐकत होतीस? वर मला चहा देत होतीस?"

"देत होते. त्यातल्या बऱ्याच पटत होत्या."

तो हसायला लागला. हसता हसता खोकला आला, खोकता खोकता पुन्हा हसू आलं. तिने धावत जाऊन त्याची पाठ चोळली, आणि चोळता चोळता तिलाच रडू फुटलं, तीन आठवड्यांचं. त्याने ते होऊ दिलं. उबळ शमल्यावर त्याने गळ्यातला रुमाल सोडला, तिच्या हातात दिला आणि म्हणाला, "घे, डोळे पूस. मला आता हा लागायचा नाही."